फसवणाऱ्याची ऐपत सिद्ध कोणी करायची?

पर्वरीकर: ओळखीच्या कुटुंबाने घेतलेला फ्लॅट बिल्डरने आणखी एकालाही विकला. करारनामा, पावत्या सगळं हातात आहे. ग्राहक आयोगाकडे दंडात्मक भरपाईही (नुकसानभरपाईशिवाय, अद्दल म्हणून) मागायची आहे, २०१९च्या कायद्याचं कलम ३९ तशी मुभा देतं. तर त्यांचे वकील म्हणतात, बिल्डरची ऐपत दाखवणारे कागद आणा. कुठून आणायचे? लबाडी सिद्ध झाली की मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र त्यानेच द्यावं. २ लाखांचा दंड एखाद्याला जन्माची अद्दल घडवतो, एखाद्याला जाणवतही नाही.

फोंड्याचा वकील: पटत नाही. जबर दंड मागणारे तुम्ही, आधारही तुम्हीच द्या. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली अ‍ॅडम्स विरुद्ध मुराकामी खटल्यात हेच ठरवलं. दंडाने अद्दल घडावी, माणूस देशोधडीला लागू नये. ऐपतच माहीत नसेल तर वरचं कोर्ट हे तपासणार कसं? आणि नुसता दावा लावून कोणाचेही हिशेब उघडता आले, तर धमकावण्यासाठीच दावे होतील.

पर्वरीकर: पण त्याच कॅलिफोर्नियात, दावा जिंकण्याची दाट शक्यता दाखवली की न्यायाधीश प्रतिवादीचे हिशेब उघडायचा हुकूम देऊ शकतात. आपल्याकडे माहिती अधिकारात आयकर विवरणपत्र मागावं, तर २०१२ सालच्या निकालाने ती वैयक्तिक माहिती ठरली.

मडगावचा हिशेबनीस: कंपनी असेल तर ताळेबंद कंपनी मंत्रालयाच्या साइटवर फी भरून मिळतो. धंदा एकट्याच्या नावावर असेल तर कठीण. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा सर्वे नंबरावर निघतो, तो नंबर आधी माहीत हवा. त्यात आपला गोव्याचा नागरी कायदा: लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची समाईक. दंड ठरवताना बायकोचा निम्मा वाटा मोजायचा का? माझ्या मते मुळीच नाही, लबाडी तिने केलेली नाही.

फोंड्याचा वकील: कागद हजर करायला लावण्याचा अधिकार आयोगाला आहे. अर्ज करा. हुकूम होऊनही दिले नाहीत, तर ते त्याच्या विरुद्धच जातील असं धरायला सांगा.

सत्तरीकरीण: पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, हे २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा निकालाने ठरलंय. घर गमावलेल्यालाच ही सोय का नको?

पर्वरीकर: अगदी हेच! तो निकाल अर्जाला जोडा, असं मी त्या कुटुंबाला सांगतो.

फोंड्याचा वकील: जोडा. पण समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल, पोटगी हा हक्क आहे आणि दंड ही शिक्षा. त्याचं उत्तर आधी तयार ठेवा.