शब्दचर्चा : पलिष्टी, गज्जा आणि पाच नगरे

प्रश्न

शमुवेलाच्या पुस्तकांतील युद्धकथांवर एक टिपण लिहीत असताना दोन नामांपाशी अडलो आहे. मराठी बायबलात ‘पलिष्टी’ (इस्राएलाशी लढणारी एक प्राचीन जमात) आणि ‘गज्जा’ (त्यांचे एक नगर) अशी रूपे आहेत. वर्तमानपत्रांत आपण ‘पॅलेस्टिनी’ आणि ‘गाझा’ वाचतो. टिपण वाचलेल्या एका स्नेह्यांनी जुनी रूपे काढून सर्वत्र आजची रूपे घालावीत, असे सुचवले आहे. तसे करणे योग्य ठरेल का? ‘पलिष्टी’ हा शब्द नुसता ‘पॅलेस्टिनी’चा अपभ्रंश आहे का?

प्रतिसाद १

अपभ्रंश मुळीच नाही. उलट, ‘पलिष्टी’ हे रूप मूळ हिब्रूच्या अधिक जवळचे आहे. हिब्रूत त्या लोकांपैकी एकाला ‘पलिश्ती’ आणि अनेकांना ‘पलिश्तीम’ म्हणतात. मराठीने एकवचनी रूप घेतले आणि आपल्या सवयीप्रमाणे ‘श्त’चा ‘ष्ट’ केला. मग ते माळी, तेली यांच्या पंक्तीत जाऊन बसले : माळ्याने, माळ्यांनी, तसेच पलिष्ट्याने, पलिष्ट्यांनी. परका शब्द विभक्तीला इतका सहज वाकला की तो भाषेत मुरला असे समजावे.

‘पॅलेस्टाईन’ हे नाव त्याच मुळापासून निघाले असले, तरी ते वेगळ्या वाटेने आले आहे. इ. स. पू. पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने ‘पॅलेस्टिने’ हे नाव एका प्रदेशासाठी वापरले, इ. स. १३५च्या सुमारास रोमनांनी यहूदियाच्या प्रांताला ‘सीरिया पॅलेस्टिना’ असे नाव दिले, आणि पुढे ग्रीक-लॅटिनमधून ते युरोपीय भाषांत व तेथून आपल्याकडे आले. हिंदी-उर्दूतील ‘फिलिस्तीन’ अरबीवरून आलेले आहे. म्हणजे एका शब्दाने जमातीचे नाव जपले आणि दुसऱ्याने प्रदेशाचे. इस्राएलाचा राजा दावीद याच्या काळातील या लोकांना ‘पॅलेस्टिनी’ म्हटले, तर प्राचीन जमात आणि आजचा समाज एकच असल्याचा भास होतो. तो टाळण्यासाठी मराठीत दोन शब्द आयते उपलब्ध असताना एक टाकून देण्याचे कारण मला दिसत नाही.

‘गज्जा’ची गोष्ट याहून रंजक आहे. हिब्रूत हे नगर ‘अझ्झा’ आहे, तर अरबीत ‘ग़ज़्ज़ा’. नावाच्या आरंभीचा कंठ्य ध्वनी प्राचीन काळी ‘ग़’सारखा होता, पुढे हिब्रूत तो ‘अ’सारख्या दुसऱ्या कंठ्य ध्वनीत मिसळून गेला. हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरकारांनी मात्र ‘गाझा’ असे लिहून जुना ध्वनी टिपून ठेवला. आपल्या ‘गज्जा’त तो ‘ग’ तर आहेच, शिवाय हिब्रू आणि अरबीतील द्वित्तही (व्यंजनाची दुहेरी) आहे, जे ‘गाझा’त हरवते. ‘ज्ज’ कानाला थोडा खेडवळ वाटतो हे मान्य, पण उच्चाराच्या इतिहासाशी तोच अधिक प्रामाणिक आहे. तेव्हा शास्त्रवचनांत ‘गज्जा’ आणि आजच्या घडामोडींत ‘गाझा’ असे ठेवावे. पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘गज्जा, म्हणजे आजचे गाझा’ एवढे म्हटले की पुरे.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. एक भर घालतो. ही नावे केवळ खुणेच्या पाट्या नाहीत. संदेष्टे त्यांच्या नादाशी खेळतात, आणि भाषांतरात नेमके तेच निसटते. सफन्या या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातील चौथे वचन पाहा. गज्जा टाकून दिलेली होईल, हे हिब्रूत ‘अझ्झा अझूवा’ असे येते. एक्रोन उपटून काढले जाईल, यासाठी ‘एक्रोन तेआकेर’. हिब्रू वाचणाऱ्याला ‘अझ्झा’त ‘बळकट’ या अर्थाचा शब्द ऐकू येतो, म्हणून बळकटीचे नाव मिरवणारे नगर ओस पडण्यात एक बोचरेपणा आहे, जरी वर सांगितलेला ध्वनीचा इतिहास पाहता नावाची खरी व्युत्पत्ती ती नसावी. मराठीत हा श्लेष साधणे मला तरी जमलेले नाही.

त्याच वचनात अष्कलोन आणि अश्दोदही आहेत, गथ मात्र नाही. यहोशवाच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात पलिष्ट्यांची ही पाचही नगरे एकत्र मोजली आहेत. आमोस या संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायात चारच उरतात, आणि सहाव्या अध्यायात तो ‘पलिष्ट्यांच्या गथास जाऊन पाहा’ असे, एखाद्या मोडलेल्या वाड्याकडे बोट दाखवावे तसे सांगतो. अरामाचा राजा हजाएल याने गथ घेतल्याचे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, आणि प्राचीन गथाची जागा मानल्या जाणाऱ्या तेल एस-साफी येथील उत्खननात इ. स. पू. नवव्या शतकातील मोठ्या विध्वंसाचा थर सापडला आहे. दावीदाने मारलेल्या धिप्पाड योद्ध्याचे, गल्याथाचे गाव म्हणून आपण ज्याला ओळखतो, ते संदेष्ट्यांच्या काळापर्यंत यादीतून गळले होते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. रूपे आहेत तशीच ठेवतो. एक उपप्रश्न : पाच नगरांच्या प्रमुखांना ‘सरदार’ म्हणावे का?

प्रतिसाद १

मी ‘अधिपती’ म्हणेन. सरदार म्हटला की त्याच्या वर छत्रपती किंवा पेशवा असणार, असे मराठी वाचक गृहीत धरतो. या पाच जणांच्या वर कोणीच नव्हते. हिब्रूत त्यांच्यासाठी ‘सेरेन’ हा शब्द आहे आणि शास्त्रात तो या अर्थाने फक्त पलिष्ट्यांच्या प्रमुखांना लावला जातो, यावरून तो त्यांचाच असावा. ग्रीक ‘टिरानोस’शी त्याचे नाते असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे आजच्या इस्राएली सैन्यात ‘सेरेन’ म्हणजे कॅप्टन.

गथाच्या आखीशाला मात्र शमुवेलाच्या पुस्तकात ‘राजा’ म्हटले आहे, तेथे ‘राजा’च ठेवावे. हे नावही नीट पाहण्यासारखे आहे. १९९६ साली तेल मिकने (प्राचीन एक्रोन) येथे पाच ओळींचा शिलालेख मिळाला, त्यात पादीचा मुलगा आखीश हा ‘एक्रोनचा अधिपती’ आपण देवीसाठी मंदिर बांधल्याचे सांगतो. तो इ. स. पू. सातव्या शतकातला, म्हणजे दावीदाच्या कथेतला आखीश नव्हे. पण नाव तेच, आणि ते सेमिटिक (हिब्रू-अरबीच्या कुळातले) नाही.

प्रतिसाद २

आणि भाषेचा विषय निघालाच आहे, तर नहेम्याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातील तक्रारही टिपणात घ्यावी. यहूद्यांनी अश्दोदच्या बायका केल्या आणि त्यांची निम्मी मुले ‘अश्दोदी’ बोलू लागली, त्यांना यहूदी भाषा बोलता येईना, असे तो म्हणतो. हिब्रूतील शब्द ‘अश्दोदीत’ असा आहे. ती पलिष्ट्यांची जुनी भाषा होती की शेजारची एखादी सेमिटिक बोली, यावर मतभेद आहेत, म्हणून मराठीत ‘पलिष्टी भाषा’ असे न करता ‘अश्दोदी’ हाच शब्द ठेवणे बरे.