मदत हवी आहे: टायमर इंटरप्ट चालू केला की चेकसम मधूनच चुकतो (६४ बिट, घरगुती कर्नल)

निशाचर:

मंडळी, तीन रात्री गेल्या या बगपायी. दिवसा पोटासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो, रात्री घरचे झोपले की स्वतःचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) घेऊन बसतो. ३२ बिटवर ते छान चालत होतं. दिवाळीच्या सुट्टीत ६४ बिटवर आणलं आणि तेव्हापासून हे भूत मागे लागलंय.

रॅमडिस्कची (डिस्कसारख्या वापरलेल्या मेमरीची) ६४ केबीची इमेज मेमरीत आहे. तिच्या बाइटांची बेरीज, म्हणजेच चेकसम, करणारं एक साधं सी फंक्शन आहे. त्याला पॉइंटर आणि लांबी द्यायची. आत बेरीज आणि काऊंटर, एक फॉर लूप, संपलं. उत्तर ऐंशी लाखांच्या घरात यायला हवं आणि बहुतेक वेळा तेच येतं. पण मधूनच शून्य येतं, किंवा ८७, २१४ असलं काहीतरी. थोडंसं चुकलेलं उत्तर कधीच येत नाही. आलं तर बरोबर, नाहीतर २५६ च्या आतलं. दहा हजार वेळा चालवून मोजलं: दीडशेच्या आसपास चुका.

आजवरचे प्रयोग:

इंटरप्ट (सीपीयूला चालू काम मध्येच थांबवायला लावणारा सिग्नल) बंद करून चालवलं तर एकही चूक नाही. म्हणजे चोर टायमरच्याच वाटेने येतोय. पीआयटीला (टायमरच्या चिपला) ११९३२ हा भाजक देऊन शंभर हर्ट्झ ठेवलाय. ११९३ देऊन हजार हर्ट्झ केला तर चुका दहापट झाल्या.

लूपमध्ये प्रिंट टाकलं की बग गायब. प्रिंट काढलं की हजर.

क्यूएमू या एम्युलेटरमध्ये केव्हीएम (हार्डवेअरची मदत) बंद करून जीडीबी या डीबगरने एकेक इन्स्ट्रक्शन चालवत बसलो. दोन तास. एकदाही चुकलं नाही.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे ओ-टू हा ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग लावून कंपाईल केलं की बग दिसत नाही. ऑप्टिमायझेशन बंद असतानाच येतो! आजवर उलटंच ऐकत आलोय.

इंटरप्टचा स्टब (इंटरप्ट आला की आधी चालणारा छोटा कोड) असेंब्लीत हाताने लिहिलाय. ३२ बिटला सगळी रजिस्टर एकदम स्टॅकवर ठेवणारी 'पुशए' होती, एका ओळीत काम व्हायचं. ६४ बिटमध्ये ती चालतच नाही, म्हणून पंधरा पुश, सी हँडलरला कॉल, उलट्या क्रमाने पंधरा पॉप आणि इंटरप्टमधून परतणारी आयरेटक्यू. हँडलर टिक वाढवतो आणि पिकला (इंटरप्ट कंट्रोलर चिपला) 'इंटरप्ट संपला' म्हणून २० हेक्स पाठवतो, बाकी काही करत नाही. पिकचे इंटरप्ट ३२ या क्रमांकापासून रीमॅप केलेले आहेत.

माझी खात्री आहे की चूक स्टबमध्येच आहे, पण ती मला दिसत नाहीये. कुणी डोकं लावेल का?

कोकणकडा:

पहिला संशय पॉपवरच जातो. आर१० आणि आर११ या रजिस्टरांची अदलाबदल झालेली मी स्वतः केली आहे आणि आठवडाभर बोंबलत फिरलोय. पंधराच्या पंधरा ओळी जशाच्या तशा टाका. हँडलरच्या कॉलआधी 'सीएलडी' (दिशेचा फ्लॅग साफ करणारी इन्स्ट्रक्शन) आहे का तेही सांगा.

निशाचर:

पुश: आरएएक्स, आरबीएक्स, आरसीएक्स, आरडीएक्स, आरएसआय, आरडीआय, आरबीपी, मग आर८ ते आर१५. पॉप आर१५ पासून बरोबर उलटे. चारदा बोट ठेवून वाचले. सीएलडी आहे.

कोकणकडा:

क्रम बरोबर आहे. स्टॅकची अलाइनमेंटही (पत्ता १६ च्या पटीत आहे का) मोजली: सीपीयू आधी स्टॅक १६ ला अलाइन करतो, मग पाच गोष्टी ढकलतो, त्या ४० बाइट. तुमच्या पंधरांच्या १२०. बेरीज १६०, सोळाने नीट भाग जातो. स्टब निर्दोष दिसतोय, मग माझंही डोकं चालेना.

सातवी ओळ:

स्टब सोडा आता. तुमच्याच आकड्यांकडे बघा. दहा हजार वेळा चालवायला एकूण वेळ किती लागतो?

निशाचर:

साधारण दीड सेकंद.

सातवी ओळ:

दीड सेकंदात शंभर हर्ट्झचे टिक किती? दीडशे. आणि चुका किती? दीडशे. म्हणजे टायमर कधीतरी चुकून नडतो असं नाही. फंक्शन चालू असताना आलेला जवळजवळ प्रत्येक टिक उत्तर बिघडवतोय. अशा ठिकाणी नशिबाचा खेळ नसतो, नेमकं काहीतरी पुसलं जात असतं.

आता एक करा. प्रिंट टाकू नका. फंक्शनच्या शेवटी, रिटर्नच्या आधी, चारही व्हेरिएबल चार ग्लोबलमध्ये नुसती कॉपी करा. उत्तर २५६ च्या आत आलं की बाहेरून ते ग्लोबल छापा. फंक्शनच्या आत कुणालाही कॉल नको. का ते नंतर सांगतो.

निशाचर:

केलं. हे बघा काय आलं.

काऊंटर: कायम १६ किंवा १७, तिसरं काही नाही.
लांबी: शून्य! ६५५३६ पाठवली होती.
पॉइंटर: हेक्समध्ये २०२, कधी २८३, कधी २८७.
बेरीज: शून्य किंवा छोटा अंक.

पॉइंटर २०२ झालाय तर फंक्शन कोसळत कसं नाही?

सातवी ओळ:

सापडला. १६ म्हणजे हेक्स १०. तुमच्या जीडीटीत (सेगमेंटच्या तक्त्यात) डेटा सेगमेंटचा सिलेक्टर हेक्स १० असणार. आणि २०२, २८३, २८७ हे पत्ते नाहीतच, ते फ्लॅग्ज (सीपीयूच्या स्थितीचे बिट) आहेत. २०२ मध्ये इंटरप्ट चालू असल्याचा बिट आणि कायम एक असणारा बिट, एवढंच आहे. बाकीच्या दोन्हींत शेवटच्या तुलनेचे बिट मिसळलेत.

म्हणजे सीपीयूने इंटरप्टच्या वेळी ढकललेली फ्रेम (त्याच पाच गोष्टी) थेट तुमच्या लोकल व्हेरिएबलांवर बसली. फंक्शनची पहिली चार इन्स्ट्रक्शन डिसअसेंबल करून बघा. पुश आरबीपी, मग आरबीपीत आरएसपी (आरएसपी म्हणजे स्टॅकचं टोक, आरबीपी म्हणजे फंक्शनच्या जागेचा आधार), आणि लगेच आरबीपी उणे २४ वर पॉइंटर, उणे २८ वर लांबी असं लिहिणं सुरू. मध्ये आरएसपीमधून काही वजा केलेलं दिसणार नाही. बेरीज उणे ४ ला, काऊंटर उणे ८ ला. आता सीपीयूची फ्रेम मांडा: उणे ८ ला एसएस (स्टॅकचा सिलेक्टर), उणे १६ ला आरएसपी, उणे २४ ला आरफ्लॅग्ज, उणे ३२ ला सीएस (कोडचा सिलेक्टर), उणे ४० ला आरआयपी (परतायचा पत्ता). काऊंटरवर एसएसचा खालचा अर्धा, बेरजेवर त्याचाच वरचा अर्धा म्हणजे शून्य, पॉइंटरवर फ्लॅग्ज, लांबीवर सीएसचा वरचा अर्धा म्हणजे पुन्हा शून्य. तुमचे चारही आकडे जुळले.

हा रेड झोन. सिस्टम व्ही च्या ६४ बिट एबीआयमध्ये (फंक्शनांनी एकमेकांशी वागायच्या नियमांत) आरएसपीच्या खालची १२८ बाइट फंक्शनला तशीच वापरायची मुभा आहे. जे फंक्शन पुढे कुणालाच कॉल करत नाही, ते आरएसपी हलवण्याचे कष्ट घेत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल न टाकताच सीट आपली म्हणण्यातला प्रकार. बाकीचे प्रवासी नियम पाळतात म्हणून चालून जातं, पण इंटरप्ट आला की सीपीयू आरएसपी बघतो आणि रुमाल नाही म्हणून खुशाल बसतो.

आता तुमची सगळी भुतं एकेक करून उतरतात. प्रिंट टाकलं की फंक्शन दुसऱ्याला कॉल करतं, मग कंपायलरला आरएसपी खाली न्यावाच लागतो, म्हणून बग गायब. ओ-टूला चारही व्हेरिएबल रजिस्टरमध्ये राहतात, स्टॅकवर पुसायला काही उरतच नाही. पण तिथेही रजिस्टर कमी पडली की कंपायलर रेड झोनमध्येच सांडणार, म्हणून ओ-टू हा इलाज नाही. जीडीबीने स्टेप करताना क्यूएमू मुळातच इंटरप्ट आणि टायमर रोखून धरतो, म्हणून तुमचे दोन तास वाया गेले. ३२ बिटच्या एबीआयमध्ये रेड झोन नाही, त्यामुळे जुनी मेकफाईल (कंपाईल करायच्या सूचनांची फाईल) तिथे बिनबोभाट चालली.

कोसळत का नाही? आधीचा आरबीपी आणि परतीचा पत्ता आरएसपीच्या वर आहेत, त्यांना धक्काच लागत नाही. लांबी शून्य झाल्यामुळे लूप फार तर एक फेरी मारून संपतो. त्या फेरीत खालच्या मेमरीतला एखादा बाइट वाचला जातो, म्हणून उत्तर २५६ च्या आत. शून्य पत्त्याचं पान तुम्ही अनमॅप ठेवलं असतंत तर बहुधा पहिल्याच रात्री पेज फॉल्ट (अनमॅप पत्त्याला हात लागल्याची सीपीयूची तक्रार) येऊन बग पकडला गेला असता. ते आधी करा.

इलाज एका फ्लॅगचा: कर्नलच्या प्रत्येक सी फाईलला एम-नो-रेड-झोन. लिनक्सचं ६४ बिट कर्नलही हाच फ्लॅग लावून कंपाईल होतं.

गावठी हॅकर:

फ्लॅगऐवजी टायमरला आयएसटीमधला (राखीव स्टॅकांच्या यादीतला) वेगळा स्टॅक दिला तर? फ्रेम तिकडेच पडेल.

सातवी ओळ:

पडेल, पण आयएसटीचा स्टॅक दर वेळी त्याच टोकापासून सुरू होतो. हँडलरमध्ये इंटरप्ट पुन्हा चालू केले आणि त्याच स्टॅकवर दुसरा आला की पहिल्याची फ्रेम गेली. डबल फॉल्टला (एक फॉल्ट हाताळतानाच आलेल्या दुसऱ्याला) आयएसटी जरूर द्या, टायमरला नको. नेहमीच्या प्रोग्रॅमना हा त्रास होत नाही, कारण रिंग ३ मधून (साध्या प्रोग्रॅमच्या पातळीवरून) येताना सीपीयू टीएसएस या तक्त्यात नोंदवलेला कर्नलचा स्टॅक घेतो. सिग्नल देतानाही लिनक्स ती १२८ बाइट सोडून खाली उतरतो. तुमचं कर्नल रिंग ० मध्येच (कर्नलच्याच पातळीवर), त्याच स्टॅकवर अडवलं जातंय.

निशाचर:

हात जोडून आभार.

फ्लॅग टाकला, चालवलं, आकडे जसेच्या तसे! पोटात गोळा आला. मग डिसअसेंबल केलं तर वजाबाकी अजूनही नव्हती. माझ्या मेकफाईलमध्ये ऑब्जेक्ट फाईल्स मेकफाईलवर अवलंबूनच नाहीत, त्यामुळे जुन्याच फाईल्स पुन्हा लिंक झाल्या होत्या. मेक क्लीन मारून (जुन्या फाईल्स पुसून) परत केलं. आता पुश आरबीपी, आरबीपीत आरएसपी, आणि तिसरीच ओळ: आरएसपीमधून ३२ वजा. हजार हर्ट्झवर एक लाख वेळा चालवलं. चूक शून्य. शून्याचं पानही अनमॅप केलं, आणि लगेच दुसरीकडचा एक नल पॉइंटर सापडला, तो माझा मीच निस्तरतो.

एक शेवटची शंका. क्रॉस कंपायलरसोबतची लिबजीसीसी (मदतीच्या फंक्शनांची लायब्ररी) मी लिंक करतो, १२८ बिटच्या भागाकारासाठी. ती तर माझ्या फ्लॅगने बनलेली नाही ना?

सातवी ओळ:

नाही. ती रेड झोन धरूनच बनते. क्रॉस कंपायलर पुन्हा बांधताना लिबजीसीसीची रेड झोन नसलेली आवृत्तीही बनवून घ्या आणि तीच लिंक होतेय ना ते तपासा. तोवर तो भागाकार जिथे वापरलाय तिथे इंटरप्ट बंद ठेवा.

निशाचर:

तीनच ठिकाणी आहे. आज रात्री करतो.