स्टेडियमचा विकास करून तोट्यातला रग्बी क्लब खरोखर वाचतो का?

अंत्रुजकर (फोंडा)

सर्वांना नमस्कार. सप्टेंबर २०२२ ते जून २०२३ या अवघ्या नऊ-दहा महिन्यांत इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतले वुस्टर वॉरियर्स, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन व्यावसायिक रग्बी क्लब कोसळले. माझा मावसभाऊ स्विंडनला नोकरीला आहे आणि जमेल तेव्हा ग्लॉस्टरला सामने पाहायला जातो. त्याच्याकडून एक गोष्ट वारंवार ऐकतो : क्लब तोट्यात गेला की त्याला वाचवण्यासाठी नवे स्टेडियम, त्याला लागून हॉटेल, परिषदगृह, दुकाने आणि घरे असा मोठा प्रकल्प मांडला जातो, आणि त्यातून क्लब कायमचा स्वतःच्या पायावर उभा राहील असे सांगितले जाते. ज्या संस्थेला खेळाडूंचे पगार वेळेवर देता येत नाहीत, ती कोट्यवधी पौंडांचे बांधकाम अंगावर घेऊन सावरते कशी, हे मला नीट उमजलेले नाही.

विचारण्यामागे घरचे कारणही आहे. मी इथल्या एका छोट्या क्रीडासंस्थेचा खजिनदार आहे. संस्थेचे मैदान देणगीत मिळालेले असून आता ते भर वस्तीत आले आहे. एका विकासकाने आमच्यापुढे असाच प्रस्ताव ठेवला आहे, की मैदानाचा रस्त्याकडचा भाग त्याला द्यावा आणि बदल्यात त्याने आम्हाला प्रेक्षागृह व पॅव्हेलियन बांधून द्यावे. कार्यकारिणीतील बहुतेकांना प्रस्ताव पसंत आहे. तिकडचा अनुभव समजून घेतल्याशिवाय सही करण्याची माझी तयारी नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

लेखापाल (मडगाव)

अंत्रुजकर, आधी रग्बी क्लबाचा जमाखर्च पाहू, कारण रोगाचे मूळ तिथे आहे. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत सध्या दहा संघ असून प्रत्येकाच्या वाट्याला साखळीचे अठरा सामने येतात, म्हणजे स्वतःच्या मैदानावर फक्त नऊ. चषक स्पर्धांचे काही सामने धरले तरी वर्षातले साडेतीनशेच्या आसपास दिवस मैदान रिकामे असते, आणि खेळाडू, प्रशिक्षक व वैद्यकीय चमू यांचे पगार मात्र बाराही महिने चालू असतात. एका संघाने खेळाडूंच्या पगारावर वर्षाला करायच्या खर्चाची मूळ मर्यादाच ६४ लाख पौंड आहे. तिकिटे, प्रक्षेपणातला वाटा आणि प्रायोजक यांतून हा सगळा खर्च बहुतेक क्लबांना भागवता येत नाही, आणि उरलेले खिंडार वर्षानुवर्षे मालकच स्वतःच्या खिशातून बुजवत आला आहे.

हे चित्र गोमंतकीयांना नवे नाही. खाण उद्योगातल्या घराण्यांनी आपले फुटबॉल क्लब असेच सांभाळले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग हे तीन क्लब आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल साखळीतून बाहेर पडले. बाहेर पडण्यामागे फुटबॉल महासंघाच्या साखळी स्पर्धांसाठीच्या नव्या आराखड्याचा निषेध होता, त्याचा दोष केवळ खाणबंदीवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु आश्रयदात्याने हात आवरला तर क्लबाकडे स्वतःचे असे कोणते उत्पन्न उरते, हा प्रश्न त्या काळात आपल्या सर्वांसमोर उघडा पडला.

आता स्टेडियमकडे येतो. त्यातून पैसा तीन वाटांनी येतो. जमीन किंवा तिच्यावरची घरे विकून येणारा पैसा एकदाच मिळतो. परिषदा, लग्नसमारंभ, प्रदर्शने आणि हॉटेल यांतून येणारा पैसा चांगला कारभार असेल तर दरवर्षी मिळतो. आणि स्टेडियम तारण ठेवून उभा केलेला पैसा मुळात आपला नसतोच. प्रकल्पाच्या सादरीकरणात या तिन्ही रकमा एकाच स्तंभात मांडल्या जातात आणि बेरीज मोठी दिसते. संकटाची सुरुवात या बेरजेपासून होते.

वॉस्प्सचे उदाहरण सावकाश पाहण्यासारखे आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेला, २००४ आणि २००७ मध्ये युरोपचे विजेतेपद मिळवलेला हा क्लब. लंडनमधले सडबरीचे जुने मैदान त्याने सोडले, पुढे तिथे घरे झाली, आणि क्लब दुसऱ्यांच्या फुटबॉल मैदानांवर भाडेकरू म्हणून फिरत राहिला. २०१४ मध्ये त्याने कॉव्हेंट्रीचे सुमारे ३२,००० आसनांचे स्टेडियम चालवणारी कंपनी विकत घेतली. जमीन नगरपरिषदेची आणि भाडेपट्टा तब्बल २५० वर्षांचा. परिषदगृह, हॉटेल आणि कॅसिनो एकाच छताखाली असल्यामुळे कागदावर यापेक्षा चांगला सौदा दिसला नसता. २०१५ मध्ये क्लबाने स्टेडियमच्या तारणावर साडेसहा टक्के व्याजाचे ३.५ कोटी पौंडांचे रोखे सर्वसामान्य गुंतवणूकदारांना विकले, आणि त्यांची मुद्दल मे २०२२ मध्ये एकरकमी परत करायची होती.

नुसते व्याजच वर्षाला पावणेतेवीस लाख पौंड होते. आजच्या पगारमर्यादेशी ताडून पाहा, एक तृतीयांशाहून अधिक रक्कम मैदानावर चेंडू पडण्याआधीच जात होती. त्यातच महासाथीत परिषदगृह आणि हॉटेल ओस पडले, मुदत आली तेव्हा मुद्दल फेडता आली नाही, कराची थकबाकी वेगळीच. १७ ऑक्टोबर २०२२ रोजी क्लबाचा कारभार दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेमलेल्या प्रशासकांच्या हाती गेला आणि १६७ जणांची नोकरी एका दिवसात संपली. पुढच्याच महिन्यात ते स्टेडियम एका किरकोळ विक्रीच्या उद्योगसमूहाने १.७ कोटी पौंडांना घेतले, म्हणजे रोख्यांच्या निम्म्याहून कमी किमतीला.

ती इमारत आजही उभी आहे आणि तिथे फुटबॉलचे सामने होतात. क्लबाला मात्र तिथे जागा राहिली नाही. स्टेडियम वाचणे आणि क्लब वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही माझी ठाम धारणा या प्रकरणावरून झाली.

म्हापसेकर

लेखापाल यांची मांडणी अभ्यासपूर्ण आहे, तथापि तिच्यावरून स्टेडियम बांधणे हाच घातक मार्ग असल्याचा समज होऊ नये, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

एक्सेटर चीफ्स हा क्लब दुसऱ्या श्रेणीत असताना त्याने शहरातले आपले जुने काउंटी ग्राउंड विकले आणि शहराबाहेर, महामार्गाला लागून, सँडी पार्क उभारले. २००६ मध्ये ते सुरू झाले. त्यात दोन गोष्टी शहाणपणाच्या होत्या : पहिल्या दिवशी झेपेल तेवढेच बांधले आणि प्रेक्षक वाढतील तशी आसने वाढवली, शिवाय परिषदा व मेजवान्यांची व्यवस्था आरंभापासून मुख्य व्यवसाय म्हणून चालवली. २०१० मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत आला, २०१७ मध्ये विजेता झाला आणि २०२० मध्ये इंग्लंड व युरोप अशी दोन्ही विजेतेपदे त्याने घेतली. महासाथीत परिषदांचे उत्पन्न थांबल्यावर त्यालाही झळ बसली आणि नंतर काटकसर करावी लागली, हे खरे. पण जमीन विकून जमीन घेतली, हा मूळ निर्णय भक्कम होता.

लंडन आयरिशने सनबरीचे आपले मैदान घरबांधणीसाठी विकले आणि त्यातून हेझलवूड येथे सरावासाठी उत्तम सुविधा उभारली. सामने मात्र वीस वर्षे रेडिंगच्या फुटबॉल स्टेडियमवर आणि नंतर ब्रेंटफर्डच्या स्टेडियमवर भाडेकरू म्हणूनच खेळले. भाडेकरूला तिकिटांचे पैसे मिळतात, पण उपाहारगृह, फलक, वाहनतळ आणि सामना नसलेले दिवस यांवर सत्ता मालकाची असते. जून २०२३ मध्ये क्लब स्पर्धेतून निलंबित झाला तेव्हा कर्ज सुमारे तीन कोटी पौंडांवर पोचले होते. विक्रीचा पैसा सरावमैदानात गेला, रोज उत्पन्न देणारी जागा हाताशी आली नाही.

मोठे मैदान नसेल तर काय होते, हे ईलिंग ट्रेलफाइंडर्सला २०२२ मध्ये कळले. दुसऱ्या श्रेणीत अव्वल ठरूनही १०,००१ प्रेक्षकांच्या क्षमतेची अट पूर्ण होत नाही म्हणून त्यांना बढती नाकारण्यात आली. मैदानावर जिंकलेला हक्क आसनांच्या मोजणीवर गमावलेल्या त्या खेळाडूंबद्दल मला अजूनही वाईट वाटते. तेव्हा स्टेडियम नकोच, असे म्हणून भागत नाही.

पेडण्याचा वाचक

दोघांच्याही विवेचनात जमीन कोणाच्या नावावर, हा मुद्दा ओघाने आला. गोव्यात बसून विचार करताना तो पहिल्या क्रमांकावर ठेवला पाहिजे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

वुस्टरचे सिक्सवेज स्टेडियम आणि त्याभोवतीची जमीन ही त्या क्लबाची खरी ठेव होती. नव्या मालकांच्या काळात तिथल्या जमिनीचे काही तुकडे वेगळ्या कंपन्यांकडे गेले आणि त्यावरून संसदीय समितीपर्यंत प्रश्न उपस्थित झाले. खेळाडूंचे करारही आणखी एका निराळ्या कंपनीत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने ती कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला आणि संपूर्ण संघ एका सुनावणीत करारमुक्त झाला. क्लबाचे नाव एकीकडे, जमीन दुसरीकडे, माणसे तिसरीकडे. अशा रचनेत विकासाचा फायदा कोणाच्या खात्यात जाईल, हे सामान्य समर्थकाला कधीच दिसत नाही. हा क्लब २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून पुन्हा खेळू लागला, पण मधली तीन वर्षे त्या शहराने व्यावसायिक रग्बीविना काढली.

आपल्याकडे नगरनियोजन कायद्याच्या जमिनीचा झोन बदलू देणाऱ्या कलम १७(२) आणि ३९(अ) यांवरून किती आंदोलने आणि न्यायालयीन लढे झाले, हे सर्वांना माहीत आहे. डोंगरउतार, शेते आणि कोमुनिदादच्या (गावकरी संस्थेच्या सामाईक) जमिनी यांचे भू-रूपांतर हा इथे जिव्हाळ्याचा आणि वेदनेचा विषय आहे. क्रीडांगणाच्या नावाने अर्ज केला की विरोध मवाळ होतो, कारण मुलांच्या खेळाला नाही कोण म्हणणार? नंतर मैदान कोपऱ्यात सरकते आणि इमारती पुढे येतात. इंग्लंडमध्येही हाच ताण आहे : वॉस्प्सने पुनरुज्जीवनासाठी केंट परगण्यातील स्वान्ली येथे नव्या स्टेडियमचा विचार मांडला, तर जागा राखीव हरित पट्ट्यातली निघाली.

आणखी एक. गोव्यात उद्या व्यावसायिक रग्बी संघ उभा राहिला, तर त्याला स्वतःचे स्टेडियम बांधण्याची गरज मला दिसत नाही. मडगावचे फातोर्डा स्टेडियम १९८९ पासून आहे, बांबोळी आणि वास्कोची मैदाने आहेत. २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन हंगामांत इंडियन सुपर लीगचे सामने गोव्यातच झाले, आणि २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सात-सात खेळाडूंची रग्बी इथे खेळली गेली. २०२५ मध्ये मुंबईत सुरू झालेली सहा संघांची रग्बी प्रीमियर लीगसुद्धा एकाच मैदानावर पार पडली. सरकारी मैदानाचा दीर्घ मुदतीचा करार आणि त्यात सामना नसलेल्या दिवसांच्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा, एवढे मिळवले तरी नव्या क्लबासाठी पुष्कळ आहे.

अंत्रुजकर (फोंडा)

आपणा तिघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. लेखापाल यांना एवढेच विचारतो, की आमच्या विकासकाशी बोलणी करायचीच झाली, तर कोणत्या अटींवरून मागे हटू नये?

लेखापाल (मडगाव)

प्रथम देणगीचे मूळ बक्षीसपत्र काढा. मैदान केवळ खेळासाठी दिले आहे अशी अट त्यात असेल, तर त्याचा भाग विकण्याचा अधिकार संस्थेला आहे की नाही हे वकिलाकडून लेखी घ्या. दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये असेल तर त्याचे अधिकृत भाषांतर करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यासोबत एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकी-वहिवाटीची सरकारी नोंद) आणि झोनिंगचा दाखला हवा. पेडण्याच्या वाचकांनी मांडलेली काळजी मला पूर्णपणे मान्य आहे.

इंग्लंडमध्ये अशा प्रकल्पांना परवानगी देताना नगरनियोजन कायद्याच्या कलम १०६ खाली विकासकाशी करार होतो, आणि त्यात क्रम बांधून घेता येतो : खेळाची सुविधा अमुक टप्प्यापर्यंत पूर्ण झाल्याशिवाय घरांचा ताबा देता येणार नाही. हा क्रम तुमच्या करारात आलाच पाहिजे, आधी पॅव्हेलियन आणि मग विक्री. त्याला बँक हमी जोडा, कारण विकासकच अडचणीत आला तर अर्धवट खांब तुमच्या मैदानात राहतील.

उरलेली जमीन कोणत्याही कर्जाला तारण देऊ नये, आणि ही मनाई कार्यकारिणीच्या ठरावात न ठेवता संस्थेच्या घटनेत घाला. कार्यकारिणी बदलली की ठराव बदलतो. मिळणारी एकरकमी रक्कम मुदत ठेवीत स्वतंत्र ठेवून फक्त व्याज देखभालीसाठी वापरावे. प्रशिक्षकाचा पगार, गणवेश, स्पर्धांचा प्रवास यांसाठी मुद्दल वापरण्याचा मोह दुसऱ्याच वर्षी होईल, आणि तिथे खजिनदार म्हणून आपण नाही म्हणायचे आहे.

शेवटी पॅव्हेलियनचाच हिशेब. दिवे, पाणी, रखवालदार, रंगरंगोटी आणि पावसाळ्यातली गळती धरून त्याचा वार्षिक खर्च काढा आणि सभागृह भाड्याने देऊन फोंड्यात प्रत्यक्ष किती उत्पन्न होईल, हे आसपासच्या सभागृहांचे दर विचारून लिहा. विकासकाने दिलेला अंदाज वापरू नका. हे दोन आकडे आणि कराराचा पूर्ण मसुदा सर्वसाधारण सभेच्या नोटिशीसोबतच प्रत्येक सभासदाच्या हाती द्या, आयत्या वेळी सभेत वाचून दाखवू नका.