गाडी आधी काय सांगत होती? देखभालीचे आणि बिघाडांचे अनुभव

गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय करायचं ते असतं. पण बिघाड सुरू होताना गाडी कशी वागते, कुठून आवाज येतो, कसला वास येतो, हे त्यात फारसं सापडत नाही. ते ठाऊक असतं गाडी रोज वापरणाऱ्यांना. हा धागा त्यासाठीच. लिहिताना तीन गोष्टी जरूर सांगा: बिघाडाआधी गाडीत काय बदललं होतं, तुम्ही स्वतः काय तपासलं आणि कुठे थांबून गाडी गॅरेजला नेली. यातली तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. ब्रेक आणि स्टिअरिंगला अर्धवट माहितीवर हात घालणं जिवावर बेतू शकतं.

सुरुवात मी करते. माझ्या गाडीचं मागचं एक टायर दर थोड्या दिवसांनी इतर तिघांपेक्षा नरम व्हायचं. खिळा दिसत नव्हता, पंक्चरवाल्याने पाण्यात बुडवून पाहिलं तरी टायर ठीक. घरी व्हॉल्व्हचं टोपण काढून तोंडाशी साबणाचं पाणी सोडलं, तर बारीक बुडबुडे! व्हॉल्व्हच्या आतली पिन बदलली आणि प्रश्न मिटला. चार टायरांचे आकडे दर वेळी लिहून ठेवायची सवय होती म्हणून हे लक्षात आलं. नुसतं हवा भरून घेत राहिले असते तर कळलंच नसतं.

हवेचा योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही टायरची कमाल मर्यादा, तेवढी हवा भरायची नाही. आणि मोजायची टायर गार असताना, म्हणजे गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. हवामान 5-6 अंश सेल्सिअसने गार झालं की दाब साधारण 1 पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरतो, त्यामुळे थंडीच्या पहिल्या आठवड्यात चारही टायर थोडे कमी दाखवतात, ते पंक्चर नव्हे.

*

टायरचा विषय निघालाय तर झिजेबद्दल लिहितो. टायर कसं झिजलंय यावरून बरंच कळतं. दोन्ही कडा झिजल्या की हवा कमी, मधला पट्टा झिजला की हवा जास्त, एकच कड गेली की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलेली. अडचण अशी की पुढच्या टायरची आतली कड उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गाडी उभी करा, मग वाकून बघा. माझी गाडी सरळ रस्त्यावर किंचित डावीकडे ओढत होती, बाहेरून टायर नवे दिसत होते, आणि आतून एक कड गुळगुळीत!

गाडी ओढते तेव्हा आधी दोन्ही बाजूंची हवा बघावी, मग अलाइनमेंट. ठरावीक वेगालाच, बहुधा 80 ते 100 किमीच्या आसपास, स्टिअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं, ते बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसल्याचं लक्षण. दोन्ही कामं वेगवेगळी आहेत, आणि गॅरेजमध्ये नुसतं 'गाडी हलते' म्हणून सांगितलं तर भलतंच काम होऊन येतं.

जुनी गाडी घेताना टायरची तारीखही वाचा. कडेवर 'DOT' (डीओटी) अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार अंक असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. खाचा खोल असल्या तरी रबर वयाने कडक होतं, भेगा पडतात. न वापरलेल्या स्टेपनीचंही तेच.

*

सकाळी सेल्फ मारला की इंजिन जड फिरायचं, 'घर्रर्र... घर्रर्र' करत कसंबसं सुरू व्हायचं. ज्याला विचारावं तो नवी बॅटरी घ्या म्हणे. आधी साध्या मल्टिमीटरने मोजून पाहिलं. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12 च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना आकडा 14 च्या आगेमागे दिसला तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग) बॅटरी चार्ज करतोय. चालू असतानाही 12 वरच अडकला तर बॅटरी बदलून काही उपयोग नाही. माझे दोन्ही आकडे ठीक होते. बॉनेट उघडून नीट पाहिलं तर प्लस टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड, आणि क्लॅम्प हाताने फिरत होता. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासलं, कोरडं केलं, क्लॅम्प आवळला. पहिल्या चावीत गाडी सुरू!

क्रम मात्र पाळायचाच: काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. पाना प्लसवर असताना चुकून बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. हातमोजे आणि चष्मा घाला, ती पूड डोळ्यात जायला नको.

*

बॅटरीला जोडून जंप स्टार्टचं सांगते, कारण रस्त्यावर मदतीला येणारे बहुतेकजण शेवटची केबल चुकीच्या जागी लावतात. लाल केबल आधी बंद गाडीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चालू गाडीच्या प्लसला. काळी आधी चालू गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी नेमकी शेवटच्या जोडणीला पडते, म्हणून ही खबरदारी. बॅटरी फुगलेली, फुटलेली किंवा गोठलेली असेल तर जंप करूच नका.

*

इंजिन तापल्याचा अनुभव लिहितोय, जरा सविस्तर. थंडीचे दिवस, हीटर चालू, आणि उभ्या गाडीत हीटरमधून एकाएकी गार हवा यायला लागली. तापमानाचा काटा तेव्हा मध्येच होता. हीटरची ऊब इंजिनातल्या कूलंटचीच (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचीच) असते, त्यामुळे कूलंट कमी झाला की हीटरला तो नीट पोचत नाही आणि हवा गार येते. हे ठाऊक होतं म्हणून लगेच गाडी बाजूला घेतली. टाकीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती आणि एका होजच्या (रबरी नळीच्या) तोंडाशी गोडसर वासाची ओल.

गरम रेडिएटरचं झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते एकदम उसळून अंगावर येतं. हाताने वरचा होज दाबता येईल इतकं गार होईपर्यंत थांबलो, मग जाड फडक्याने हळूहळू झाकण सोडलं. अडीअडचणीला साधं पाणी घालून हळू गाडी नेता येते, पण नंतर ते काढून योग्य कूलंट भरून घ्यावा. मी गॅरेजपर्यंत तसाच गेलो, होज आणि क्लॅम्प बदलून घेतला.

चालत्या गाडीत काटा चढू लागला आणि लगेच थांबता येत नसेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवा. आत बसवत नाही, पण इंजिनातली बरीच उष्णता बाहेर काढता येते. काटा लाल पट्ट्यात गेला तर मात्र इंजिन बंद. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, कूलंट कमी होतोय पण गळती कुठेच नाही, यातलं काहीही दिसलं तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेल्याची शंका धरून गाडी ओढून न्यावी, चालवू नये. ऑइलच्या लाल दिव्यालाही हाच नियम: तिथल्या तिथे थांबा.

*

चेक इंजिनच्या पिवळ्या दिव्याबद्दल. अमेरिकेत 1996 पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना 2001 आणि डिझेलना 2004 पासून ओबीडी-टू (गाडीने स्वतःचे बिघाड कोडच्या रूपात नोंदवायची पद्धत) बंधनकारक झालं, त्यामुळे आजच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली तो सॉकेट असतो. छोटा ब्लूटूथ रीडर आणि फोनवरचं अॅप एवढ्यावर कोड वाचता येतो. पण कोड काय झालंय ते सांगतो, कशामुळे झालंय ते नाही. माझ्या गाडीचा कोड होता पी0171, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. ओळखीच्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदल म्हणून सांगितलं. मी बॉनेट उघडून चालू इंजिनाशी कान दिला, पट्टे-पंख्यापासून अंतर ठेवून. बारीक 'स्स्स' ऐकू येत होतं. एका व्हॅक्यूम होजला तडा गेला होता. होज बदलला आणि दिवा गेला. सेन्सर चांगलाच होता; हवा जास्त आहे हे तो खरंच सांगत होता.

दिवा स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत दाखवून घ्या. लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे, म्हणजे इंजिनात इंधन नीट जळत नाहीये; ते न जळालेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळून टाकतं. तेव्हा वेग कमी करून लवकरात लवकर थांबावं. आणि दुरुस्तीआधी कोड पुसू नका, मेकॅनिकचा दुवाच नाहीसा होतो.

*

एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकतं ते चांगलं लक्षण. माझ्या गाडीखाली टपकायचं बंद झालं आणि थोड्याच दिवसांत पुढच्या सीटखालचा गालिचा ओला, कुबट वास. पाणी बाहेर जाणारी नळी कचऱ्याने तुंबली होती. ती गॅरेजमधून साफ करून घेतली, तेव्हाच केबिन फिल्टरही बदलला. हवा गार पण कमी येते तेव्हा आधी फिल्टर बघा; भरपूर येते पण गार नसते तेव्हा प्रश्न गॅस किंवा कॉम्प्रेसरचा, तो गॅरेजचाच.

*

ब्रेकच्या बाबतीत मी फक्त बघतो आणि ऐकतो, पाना गॅरेजच्या हातात. बऱ्याच पॅडांवर पत्र्याची छोटी पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून किंचाळते. माझा आवाज हळू वेगात यायचा आणि ब्रेक दाबला की थांबायचा. त्याच सुमारास ब्रेक ऑइलची पातळीही उतरलेली दिसली. कोणी म्हणेल वरून भरून टाका. पण पॅड झिजतात तसं ऑइल कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) सरकतं, म्हणून पातळी उतरते. नवे पॅड बसवले की ती परत वर येते, आणि आधी भरलं असेल तर ऑइल बाहेर सांडतं. रंग खाऊन टाकतं ते. पॅड ठीक असूनही पातळी उतरत असेल किंवा पेडल मऊ लागत असेल तर गळती किंवा ब्रेकच्या नळ्यांत हवा, गाडी हलवायचीच नाही.

*

रिमोटची बॅटरी संपली तर गाडीबाहेर अडकायची गरज नाही. रिमोटच्या पोटात धातूची चावी असते, तिने दार उघडा. बटणाने सुरू होणाऱ्या बहुतेक गाड्या रिमोट बटणाला चिकटवून धरला की सुरू होतात. ही जागा काही गाड्यांत वेगळी असते, मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

*

माझी गाडी बराच काळ उभी असते, तिच्याबद्दल. जागेवर नुसतं इंजिन चालू ठेवून फारसं काही साधत नाही. सेल्फने खाल्लेलं चार्जिंगही नीट भरून येत नाही आणि ऑइल पुरेसं तापत नाही. अर्धा तास तरी रस्त्यावर चालवावी. शक्य नसेल तर ट्रिकल चार्जर (बॅटरीला हळूहळू चार्ज करत राहणारा चार्जर) लावावा. हवा थोडी जास्त ठेवली की टायर एका जागी बसत नाहीत, फक्त निघण्याआधी ती पुन्हा स्टिकरच्या आकड्यावर आणायची. बॉनेट उघडून उंदरांच्या लेंड्या, कुरतडलेल्या वायरी बघाव्यात. आणि ओल्या हवेत हँडब्रेक ओढून ठेवला तर पॅड किंवा लायनर चिकटतो. म्हणून सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवायची, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे आणि हँडब्रेक सोडून द्यायचा.