अनोळखी माणसावर हल्ला होत असताना बघ्यांनी मध्ये पडावे का?

माणदेशी यांचा प्रश्न

मागच्या आठवड्यातील एक प्रसंग मनातून जात नाही, म्हणून येथे विचारतो आहे. आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकाच्या फाटकाबाहेर संध्याकाळी सातच्या सुमारास तिघांनी एका विशीतल्या मुलाला धरून मारायला सुरुवात केली. एकाच्या हातात कमरेचा पट्टा होता. मुलाच्या पिशवीतला जेवणाचा डबा खाली पडून उघडला, भाकरी आणि पिठले मातीत सांडले आणि डब्याचे झाकण घरंगळत माझ्या पायाशी आले. मी ते उचलले आणि हातात धरून तसाच उभा राहिलो. आजूबाजूला तीस-चाळीस माणसे असतील. कोणीतरी म्हणाले, "चोर असेल." ते खरे की खोटे हे कोणीच विचारले नाही, मीही नाही, उलट त्या दोन शब्दांनी मला हायसे वाटले, कारण नुसते उभे राहायला एक सबब मिळाली. तिघे निघून गेल्यावर एका रिक्षावाल्याने मुलाला ग्रामीण रुग्णालयात नेले.

माझे वय ५२ आहे आणि गुडघे दुखतात. तरीही घरी आल्यावर थोरल्या मुलीने "मग बाबा, तुम्ही काय केलंत?" असे विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. अशा वेळी मध्ये पडणे हे आपले कर्तव्य आहे का, आणि पडलेच तर कायदा आपल्या बाजूने उभा राहतो का?

वकीलकाका यांचे उत्तर

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काविषयी आहेत. कलम ३५ नुसार स्वतःच्या शरीराप्रमाणेच दुसऱ्या कोणाच्याही शरीराचा बचाव करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो दुसरा नात्यातला किंवा ओळखीचा असावा अशी अट नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ९७ मध्येही हेच होते, त्यामुळे ही काही नवी सवलत नव्हे. मर्यादा कलम ३७ मध्ये सांगितली आहे : बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. पट्टा उगारलेला हात धरणे किंवा हल्लेखोराला मागे ढकलणे बचावात बसते. तो पळू लागल्यावर त्याला आडवा पाडून तुडवणे बसत नाही. मदतीला धावलेल्या माणसावरच गुन्हा दाखल होतो, तो बहुधा या टप्प्यावर.

आपल्यासमोर दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो, मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम ४० प्रमाणे विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत ६ तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांसाठी आहे, मारहाणीत मध्ये पडणाऱ्यांसाठी नाही. पुष्कळ सुशिक्षित लोक या दोन्हींची गल्लत करतात.

आणि तो मुलगा चोर असता, तरी त्याला पट्ट्याने मारण्याचा अधिकार त्या तिघांना नव्हता.

इझारकाठ यांचे उत्तर

मी गेली ११ वर्षे म्युनिकमध्ये राहते. येथे १२ सप्टेंबर २००९ रोजी झोल्न उपनगरी स्थानकावर डोमिनिक ब्रुनर या ५० वर्षांच्या गृहस्थांना दोन तरुणांनी मारहाण केली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. ते चार शाळकरी मुलांना त्या तरुणांपासून वाचवत होते. जर्मन दंड संहितेच्या कलम ३२३क प्रमाणे संकटातल्या माणसाला मदत न करणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो; पण स्वतःला मोठा धोका पत्करूनही मदत करावी, असे तो कायदा म्हणत नाही. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी तरतूद. हल्ला झालेल्याच्या रक्षणासाठी धावलेला माणूस जखमी झाला, तर त्याला कामावरच्या अपघाताप्रमाणे सरकारी अपघात विम्याचे संरक्षण मिळते आणि त्यासाठी त्याने आधी काही भरलेले असावे लागत नाही.

येथील पोलीस नागरिकांना जे नियम सांगतात, त्यांतील एक मी अंगवळणी पाडून घेतला आहे. गर्दीला उद्देशून "कोणीतरी मदत करा" असे ओरडू नये, एकेकाला बोट दाखवून सांगावे. आपल्याकडे ते अधिक सोपे आहे, कारण आपल्याला नाते जोडून हाक मारता येते : "निळ्या शर्टातले दादा, तुम्ही ११२ ला फोन लावा. मावशी, तुम्ही माझ्याबरोबर या."

मधला भाऊ यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली, तरीही माझे मत वेगळे आहे. माझा धाकटा भाऊ चार वर्षांपूर्वी असाच एका अनोळखी माणसासाठी मध्ये पडला. चाकूचा वार मनगटाच्या वर बसला आणि स्नायूबंध तुटले. तो शिंपीकाम करतो. आठ महिने त्याला कात्री धरता आली नाही. अजूनही काज करताना सुई बोटांतून निसटते आणि तो काही न बोलता ती पुन्हा उचलतो. शस्त्रक्रियेचा खर्च आम्ही आईच्या पाटल्या मोडून केला. ज्याला त्याने वाचवले, तो साक्षीला एकदाही आला नाही. न्यायालयाच्या तारखांना मात्र भाऊ दुकान बंद ठेवून जातो.

ऑक्टोबर २०११ मध्ये अंधेरीच्या आंबोली भागात मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवले म्हणून दोन तरुणांचे प्राण गेले, तेव्हाही भोवती माणसे होती. चार आरोपींना २०१६ मध्ये जन्मठेप झाली, पण ती मुले परत आली नाहीत. जर्मनीसारखा विमा आपल्याकडे नसताना "कर्तव्य" हा शब्द वापरणाऱ्यांनी त्याची किंमत कोण भरतो हेही सांगावे.

पेठकर यांचे उत्तर

मधला भाऊ, तुमच्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटले. तुमच्या उत्तरात मला जे दिसले ते असे की, तो पुढे झाला तेव्हा त्याच्या मागे कोणीच गेले नाही.

२७ जून २०२३ च्या सकाळी पुण्यात सदाशिव पेठेत एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणाने कोयता धरला, पाठोपाठ आणखी काहीजण धावले आणि ती वाचली. पुढच्याच वर्षी, १८ जून २०२४ रोजी वसईत एका तरुणाने भररस्त्यात लोखंडी पान्याचे घाव घालून एका तरुणीला मारले. तेथेही एकजण पुढे झाला होता. हल्लेखोर त्याच्या अंगावर येताच तो मागे सरला, कारण दुसरा कोणी त्याच्या शेजारी उभा नव्हता. बाकीचे पाहत होते, काहीजण चित्रीकरण करत होते. वसईत कोणीच माणुसकीचे नव्हते असे म्हणणे मला त्या एका माणसावर अन्याय करणारे वाटते.

ॲम्स्टरडॅम, केपटाऊन आणि लँकेस्टर या शहरांतील २१९ भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासले, तेव्हा १० पैकी सुमारे ९ प्रसंगांत किमान एकाने तरी हस्तक्षेप केल्याचे दिसले, आणि माणसे जितकी जास्त तितकी कोणीतरी मदत करण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे पहिला माणूस बहुतेक वेळा निघतो. म्हणून माणदेशी, "मी एकटा काय करणार" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. ५२ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाने पट्टेवाल्याशी झुंजावे अशी कोणाचीच अपेक्षा नाही; पण कोणी पुढे झाले तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहणे, मोठ्याने ओरडणे आणि नंतर साक्ष देणे हे दुखऱ्या गुडघ्यांनीही जमते. दुसऱ्याने ही जबाबदारी घेतली, तर पहिल्याचे मनगट वाचते.

माणदेशी यांचे उत्तर

सर्वांचे आभार. मधला भाऊ, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

काल सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन मी जबाब नोंदवला. जाण्यापूर्वी फाटकाजवळच्या चहाच्या गाड्यावर गेलो आणि तेथल्या ताईंना विचारले, कारण त्यांनी त्या तिघांचे चेहरे माझ्यापेक्षा जवळून पाहिले होते. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग स्टोव्ह बंद करून माझ्याबरोबर आल्या. मुलगा अजून रुग्णालयात आहे. झाकण घासून ठेवले आहे. उद्या मुलीला घेऊन ते त्याला द्यायला जाणार आहे.