प्रतिसाद: नाण्यावरचा 'व्हर्जिलियस' कोण?

वर विचारलंय की इटलीतल्या मांटुआ शहराच्या जुन्या नाण्यावरचा 'व्हर्जिलियस' हा कुणी संत का? नाही हो, तो प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच! इ.स.पू. 70 मध्ये मांटुआजवळच्या खेड्यात जन्मलेला. मध्ययुगात मांटुआ शहराने स्वतःच्या चांदीच्या नाण्यावर त्याचं नाव घातलं. गोंधळ होतो तो छोट्या दिनारांवर (एक प्रकारची नाणी), कारण एका बाजूला कडेने कवीचं नाव आणि मधोमध ई-पी-एस, म्हणजे 'एपिस्कोपस' (बिशप) या शब्दाचं लघुरूप. टांकसाळ बिशपच्या अधिकारातली, म्हणून ती अक्षरं. घाईत वाचलं तर कविराज थेट बिशप होतात! बिचारा येशूच्या आधीच वारलेला.

राजा नाही, देव नाही, कवी! मला तरी याचं फार अप्रूप वाटतं.

इटालियन कवी दान्तेने तर कमालच केली. त्याच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यात व्हर्जिल हाच त्याचा परलोकातला वाटाड्या. त्यातल्या 'पर्गेटोरियो' या भागाच्या 6व्या सर्गात एकटा बसलेला एक आत्मा व्हर्जिलला त्याचा देश विचारतो. 'मांटुआ' एवढा एकच शब्द कानावर पडतो आणि तो उठून मिठी मारतो. तो सोर्देल्लो, जवळच्याच गोइतोचा कवी. गाववाला भेटला की मिठी आधी, नाव नंतर, तसंच.

आणि हो, हद्दपार झालेला शेक्सपियरचा रोमिओ विष विकत घेतो तेही मांटुआतच.