वर्गातलं मारकं मूल: तुमचे अनुभव सांगा

माझा मुलगा दुसरीत आहे. सोमवारी अंघोळ घालताना त्याच्या दंडावर दातांचे वण दिसले, वरचे चार अगदी मोजता येतील असे. विचारलं तर म्हणाला, "बाईंना सांगू नकोस, तो अजून मारेल." वर्गातला एक मुलगा दोन महिने ढकलतोय, डबा सांडतोय, पेन्सिली मोडतोय. शाळेत जाऊन आले, तर "लहान आहेत, भांडणारच" एवढंच ऐकायला मिळालं. त्या मुलाला शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही, माझ्या लेकराची भीती जायला हवी. यातून गेला असाल तर काय केलंत ते सविस्तर लिहा.

*

ताई, आमच्याकडे पहिलीत हेच झालं. "रोज मारतो" असं सांगून काहीच हललं नाही. मग मी वहीत लिहायला लागले: तारीख, तास, जागा, काय झालं. तीन आठवड्यांच्या नोंदी बाईंपुढे ठेवल्या तेव्हा दोघींच्याही लक्षात आलं की 9 पैकी 7 भांडणं नळापाशी, डब्याआधी हात धुवायच्या रांगेत झाली होती. बाई त्याला पाच मिनिटं आधी हात धुवायला पाठवू लागल्या आणि आल्यावर फळा पुसायचं काम दिलं. मारणं पुरतं थांबलं नाही, पण आठवड्यातून एकदावर आलं. लेकीकडून मी एकच वाक्य घोकून घेतलं: "थांब, मला हे आवडत नाही." तेही मोठ्याने, आणि लगेच बाईंकडे जायचं. पहिल्या दिवशी घरातसुद्धा तिचा आवाज फुटत नव्हता.

*

मी दुसऱ्या बाजूची आई. मारणारा माझा मुलगा होता. वाढदिवसांची बोलावणी बंद झाली, शाळेच्या फाटकापाशी मी गेले की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. आम्ही त्याला रागावलो, एकदा मारलंही, ते मला आजही खुपतं. माझ्या बहिणीच्या लक्षात आलं की मागून हाक मारली तर तो वळतच नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं: दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं, ऐकू अर्धवट येत होतं. मागून कुणाचा हात लागला तरी त्याला मारायलाच आलेत असं वाटायचं. उपचारांनंतर हळूहळू निवळला. प्रत्येकाचं कारण कान नसेल, पण अशा मुलाच्या आईला मी हात जोडून सांगेन, आधी कान-डोळे तपासून घ्या.

*

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. "त्याला शाळेतून काढा" म्हणत पालक येतात तेव्हा नाही म्हणावं लागतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवी होईपर्यंत कुणाला काढता येत नाही, आणि कलम 17 प्रमाणे मारताही येत नाही, घालूनपाडून बोलताही येत नाही. मग उरतं ते कारण शोधणं. माझ्याकडे चौथीत एक पोरगा होता. आईबाप ऊसतोडीला, दिवाळीच्या सुमारास गेले की उन्हाळा लागताना परत, पोरगंही सोबत. वयाप्रमाणे चौथीत बसवलेला, पण जोडाक्षरं वाचता येत नव्हती. प्रकट वाचनाची पाळी त्याच्या बाकाकडे सरकू लागली की शेजारच्याच्या पाठीत गुद्दा बसायचा. वर्गात गोंधळ झाला की त्याची पाळी टळायची. हे उमगायला मला दोन महिने लागले, तोवर मी त्याला दारात उभा करत होतो. नंतर शाळा भरायच्या आधी वीस मिनिटं एकट्याला घेऊन बसू लागलो, दुसरीच्या पुस्तकापासून. वर्गात वाचायचा उतारा आदल्या दिवशीच सांगून ठेवायचो.

*

"तूही एक ठेवून दे" असं मी लेकाला शिकवलं होतं. त्याने पट्टी फेकली, ती भलत्याच मुलीच्या भुवईवर लागली. दोन टाके. हे कुणी शिकवू नका.

*

आमचं जमलं नाही. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, शाळा व्यवस्थापन समितीपर्यंत गेले. वर्ष तसंच गेलं. शेवटी लेकीची तुकडी बदलून घेतली. सकाळी पोट दुखतं म्हणणं आता थांबलंय, पण मधल्या सुट्टीत ती अजून भिंतीला पाठ लावूनच डबा खाते.